पुसेगावची डबी

पुसेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली
९ जून २०२५

चि. केतकीला आत्याचे पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पार्सल आज हाती आलं. कुरिअरवाला गावात येत न्हाई, सेनगावच्या दुकानात ठेवून गेला. जीपचं जाऊन-येऊन साठ रुपये पडले, आणि दुकानदाराने 'सांभाळून ठेवलं' म्हणून दहा मागितले, ते मी दिले न्हाईत. आत निघालेल्या वस्तू अशा: काळी डबी एक (साबणाच्या वडीएवढी), माइक एक, वायरी दोन, तुझी चिठ्ठी एक, आणि पुण्याची बाकरवडी, तिचा चुरा झालेला. चुरा तुझ्या काकांनी दह्यात घालून खाल्ला. पुढच्या खेपेला बाकरवडी पाठवू नकोस, दहा ठिकाणी आदळते.

डबी देवघराजवळच्या फळीवर ठेवली. चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे लाल बटण दाबलं की ऐकून घेते, हिरवं दाबलं की ऐकवते आणि काळं दाबलं की बंद होते. पहिल्यांदा मी 'रामकृष्णहरी' म्हणाले आणि तिने माझ्याच आवाजात परत म्हटलं. काका म्हणाले, "बरं झालं. आता घरात दोन शालूबाई झाल्या, एकीला तरी बंद करता येती."

भिकाबाईला विचारलं. ती तयार आहे. तुला आठवत असेल, वेशीजवळ राहते, आता चौऱ्याऐंशीची असेल. गावातली साडेतीन-चारशे लेकरं तिच्या हातची. दवाखाना नव्हता तेव्हा सगळ्या बाळंतपणाला तीच. कोणाचा जन्म कधी, कोणत्या वारी, पाऊस होता का उघाड, कोण आडवं आलं, कोण रडलं न्हाई, सगळं तिला तोंडपाठ. आणि कागदावर काय? हेडमास्तरांनी शाळेत नाव घालताना ज्याच्या-त्याच्या पुढे एक जून लिहिलं. अर्धं पुसेगाव एक जूनला जन्मलेलं आहे. तू म्हणालीस की तिचं सगळं बोलणं साठवून ठेवायचं, ते मला पटलं. तिच्या माघारी हे कोणाला विचारायचं?

मी वेगळी वही घातली आहे. पाच रकाने: तारीख, सुरू किती वाजता, बंद किती वाजता, किती लेकरं सांगितली, परत ऐकू आलं का.

फोन करू नकोस. फोनवर तू 'हो आत्या, हो आत्या' म्हणतेस आणि मागून कोणीतरी तुला हाक मारत असतं. पत्रात तू पुरती असतेस.

इकडे सर्व खुशाल. हळदीची लागवड चालू आहे.

तुझी आत्या, शालू


पुणे
१५ जून २०२५

ती. आत्या, नमस्कार.

पत्र वाचून तुझ्या देवघरापर्यंत जाऊन आले. बाकरवडीबद्दल माफी.

काका नेहमी विचारतात ना, की केतकी नेमकं काय काम करते. तुम्हाला नीट सांगते, कारण ती डबी मी उगाच पाठवलेली नाही.

कॉम्प्युटर चालवणारी जी मूळ यंत्रणा असते, तिच्यावर आम्ही काम करतो. त्यातही मी साठवणीच्या खात्यात. जगात शेकडो तऱ्हेच्या डिस्क आहेत, आणि प्रत्येकीला समजून घेणारा एकेक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. यंत्रणा स्वतः डिस्कशी बोलत नाही, ड्रायव्हरला हाक मारते. डिस्क जोडली की एक हाक. थोडा वेळ निजवायची असली की एक. उठवताना एक. कायमची बंद करून काढायची असली की एक. प्रत्येक हाकेचं नाव ठरलेलं. ते नाव ऐकून ड्रायव्हर आपापलं काम करतो.

भानगड अशी झाली की वीस वर्षांपूर्वी कोणीतरी निजवायला आणि कायमचं बंद करायला एकच नाव ठेवलं, 'स्टॉप'. मग अर्धे ड्रायव्हर 'स्टॉप' म्हणजे जरा डोळे मिटायचे समजतात आणि अर्धे समजतात की चाललो आपण, सामान आवरा. दोघांचीही चूक नाही. आता ठरलंय की नावं स्वच्छ करायची: निजवायला 'सस्पेंड', जायला 'रिमूव्ह'. तीनशे बारा ड्रायव्हर आहेत, प्रत्येकात जाऊन नाव बदलायचं, आणि नाव बदलताना तो ड्रायव्हर खरंच काय समजत होता ते वाचून ठरवायचं. हे काम मला एकटीला दिलंय. आज एकशे चाळीसावर आहे. संध्याकाळी डोळ्यांपुढे अक्षरं चालतात. थकले आहे, पण होईल.

मी इथे कंत्राटावर आहे. हे काम नीट पार पडलं तर ३१ जुलैला कायम करतील, असं विजयकुमार सर म्हणालेत. ते आमच्या खात्याचे प्रमुख. नाही पडलं तर कंत्राट तिथेच संपतं. काकांना सांग, म्हणून फार फोन होत नाहीत.

भिकाबाईला माझा नमस्कार. ती काय काय सांगते ते लिही.

केतकी


पुसेगाव
२२ जून २०२५

चि. केतकी,

तू लिहिलेलं तीनदा वाचलं. काकांना वाचून दाखवलं, त्यांना इतकंच कळलं की बैलाचं नाव बदलायचं आहे. मला त्याहून जास्त कळलं.

आधी भिकाबाई. रोज तीनला येते. दारातच म्हणते, "चहा ठेव माय, सुकं तोंड लेकरू काढत न्हाई." मग डबीपुढे बसते. पहिले दोन दिवस ती डबीला विचारायची, "ऐकून राहिली का गं?" आणि डबी काही बोलली न्हाई की माझ्याकडे बघायची, "हे हुंकार देत न्हाई काहून?" मी म्हणाले, "ती ऐकते फक्त." तर म्हणे, "मंग नवऱ्यापरीस बरी."

तिची सांगायची रीत अशी. "पाटलाचा बैल विहिरीत पडला त्या साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवस कासराभर वर आलेला, गोजरबाईला पोरगं झालं. डोकं मोठं, आजूक मोठंच हाय. त्याच्या बापानं मला लुगडं कबूल केलं. ते येऊनच राहिलंय, चाळीस वर्सं झाली." प्रत्येक जन्माबरोबर असं काहीतरी निघतंच. वहीत आजवर शहाऐंशी लेकरं झाली. शेवटच्या रकान्यात सगळीकडे 'हो' आहे. संध्याकाळी सांजवातीच्या वेळी आदल्या दिवशीचं थोडं ऐकते आणि बंद करते. सांगणं संपलं की काळं बटण लगेच दाबायचं, ही माझी शिस्त. उगाच वीज काहून जाळायची.

आता तुझं. केतकी, माझं माहेरचं नाव पंचफुला. लग्नात तांदळावर 'शालू' लिहिलं आणि पंचफुला संपली. पण मला कोणी विचारलं न्हाई की तुला ऐकू येईल का. पहिला महिनाभर सासूबाई चुलीपासून हाक मारायच्या, "शालू, ए शालू," आणि मी पाठमोरी भाकरी थापत उभी. अंगात नावच उतरलं नव्हतं. त्यांना वाटलं सून बहिरी मिळाली. वैद्याला बोलावलं, त्याने आठ दिवस कानात लसणाचं तेल घातलं. तेल गरम होतं. शेवटी तुझे बाबा भेटायला आले, त्यांनी दारातून 'फुले' म्हणून हाक मारली आणि मी धावत गेले, तेव्हा सासूबाईंना उलगडा झाला.

म्हणून विचारते. तुझ्या त्या तीनशे बारांना तू घरोघर जाऊन सांगशील. पण ज्याला कोणी सांगितलंच न्हाई, त्याला नव्या नावाने हाक मारली तर तो काय करील? उभाच राहील ना?

इकडे सर्व खुशाल. जेवण वेळेवर कर.

आत्या


पुणे
२७ जून २०२५

ती. आत्या,

लसणाच्या तेलाचं ऑफिसात सांगितलं. सगळे हसले, मग विजयकुमार सर म्हणाले, "तुमच्या आत्यांनी बरोबर प्रश्न विचारलाय." यादीतले सगळे मी माझ्या हाताने बदलतेय. आज तीनशे बारा पूर्ण झाले. हात दुखतोय, मान वळत नाही. थकले गं.

पण यादीबाहेरचे आहेतच. काही कंपन्या ड्रायव्हर आम्हाला देत नाहीत, आपल्या वस्तूत घालून विकतात. तुझी डबी तशीच. ती बनवणारी लहानशी कंपनी दोन वर्षांपूर्वी बंद पडली, पण अशा डब्या खूप ठिकाणी चालू आहेत: छोटे दवाखाने, वाचनालयं, शाळा. आमच्याकडे एकच होती, ती तुला पाठवली. का, तर इथे ती टेबलावर नुसती दिवसरात्र चालू पडून राहायची. घरात वापरली जाईल तेव्हाच खरं कळेल.

सोबत पेन ड्राइव्ह आहे. डबीच्या बाजूच्या भोकात लाव, पिवळा दिवा लागेल, विझला की काढ. त्यात नव्या नावांची यंत्रणा आहे. त्यानंतर आठ-नऊ दिवस भिकाबाईचं काम नेहमीसारखं चालू दे. एवढंच बघ, की बंद करून परत सुरू केल्यावर आधीचं ऐकू येतं का. आणि मला लिही.

हे महत्त्वाचं आहे, आत्या. १४ तारखेला मला लिहून द्यायचंय की कोणाच्या साठवणीला धक्का लागणार नाही, आणि खाली माझी सही. तुझं पत्र आल्यावर सही करीन.

केतकी


पुसेगाव
१० जुलै २०२५

चि. केतकीस आशीर्वाद.

तुझा पेन ड्राइव्ह दोन तारखेला लावला. पिवळा दिवा लागला, विझला. आज गुरुपौर्णिमा, नरसीला जाऊन नामदेवांच्या पायांवर डोकं ठेवून आले. तुझ्या नावाने नारळ वाढवला. गर्दी होती.

इकडे सर्व खुशाल. डबीही खुशाल.

मानेला तिळाचं तेल कोमट करून लाव.

आत्या


पुणे
१४ जुलै २०२५

ती. आत्या,

तुझं पत्र आज सकाळी आलं. चारच ओळी, पण मला हव्या होत्या तेवढ्या. टेबलाशी उभं राहूनच वाचलं आणि सही केली. अहवालात एक ओळ घातली: 'बंद पडलेल्या कंपनीच्या डबीवर घरगुती वापरात आठ दिवस तपासलं, अडचण नाही.' विजयकुमार सरांनी ती वाचली आणि म्हणाले, "चला, म्हणजे ते एक टोक बांधलं गेलं."

सोमवारी, २१ तारखेला, नवी यंत्रणा सगळीकडे जाईल. डब्या आपोआप घेतील, पेन ड्राइव्ह लागणार नाही. तुझ्याकडे त्या दिवशी एकादशी आहे ना? मुहूर्त बरा आहे.

चार महिन्यांनी आज पहिल्यांदा आठला झोपणार आहे. तेल लावलं. बरं वाटलं.

केतकी


पुसेगाव
१९ जुलै २०२५ (स्पीड पोस्टाने)

केतकी,

आशीर्वाद वगैरे मागाहून. आधी हे वाच.

डबी खुशाल न्हाई. दोन तारखेपासूनच न्हाई. मी तुला खोटं लिहिलं.

दोन तारखेला भिकाबाईने नऊ लेकरं सांगितली. मी काळं बटण दाबलं. सांजेला सुरू केलं तर जूनमधलं सगळं आहे, आणि आजचं काहीच न्हाई. वाटलं, लाल बटण दाबायचं राहिलं असेल. तीन तारखेला डोळे लावून दाबलं, लाल दिवा पाहिला. सांजेला परत तेच. चार तारखेला तेच. मग मला वाटून राहिलं की माझंच बोट चुकतंय. दहावी पास बाई मी, चाळीस वर्षं घरचा हिशेब ठेवणारी, आणि मला एक बटण दाबता येईना. काकांनाही सांगितलं न्हाई. भिकाबाईला तर कसं सांगायचं? ती रोज चालत येऊन घसा कोरडा करून जायची आणि मी तिला चहा देऊन 'उद्या या' म्हणायची.

तुझी पत्रं समोर होती. त्यांत तू 'थकले' दोनदा लिहिलं होतंस. मला सासूबाईंनी शिकवलेलं आहे की लांब राहणाऱ्याला पत्रात वाईट कळवू नये, तो येऊ शकत न्हाई, नुसता तळमळतो. आधी 'खुशाल' लिहावं, आणि नीट झालं की मग सांगावं की असं असं झालं होतं. आमच्यात सगळ्यांनी तसंच लिहिलं. तुझ्या आजोबांना जाऊन तेरा दिवस झाले तेव्हा मला कळलं, तोवर माहेरून 'सर्व खुशाल' येत होतं. मी तीच रीत पाळली. मला वाटलं, माझ्या बोटाचं तुझ्या कामाशी काय. तू त्याच ओळीवर सही करशील हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. 'तुझं पत्र आल्यावर सही करीन' हे तू लिहिलं होतंस, मी वाचलंही होतं. वाचून पुढे गेले.

काल तुझं पत्र आलं, 'अडचण न्हाई' वाचलं. काकांच्या फोनवरून तुला फोन लावला. पहिल्यांदा तू 'आत्या, मीटिंगमध्ये आहे' म्हणालीस. दुसऱ्यांदा तू किती आनंदाने उचललास, आणि मी 'जेवलीस का' एवढं विचारून ठेवून दिला. म्हणून लिहून पाठवते. सेनगावच्या पोस्टात स्वतः जाऊन टाकते.

पण वहीत मी खोटं लिहिलं न्हाई. पत्रात लिहिलं, वहीत न्हाई. पानं उतरवून सोबत जोडली आहेत. एक गोष्ट बघ. पाच तारखेला, शनिवारी, भिकाबाईचं झालं आणि एवढ्यात हिंगोलीहून पाहुणे आले. स्वयंपाकाच्या धांदलीत डबी सुरूच राहिली, संध्याकाळी सातला बंद केली. त्या दिवशीचं सगळंच्या सगळं ऐकू आलं. बाकीच्या दिवशी मी बोलणं संपलं की लगेच बंद करत होते. याचा काही अर्थ असेल तर तुला कळेल. मला कळत न्हाई.

चौऱ्याहत्तर लेकरं गेली.

आत्या


पुणे
३ ऑगस्ट २०२५

ती. आत्या,

तुझं पत्र २३ तारखेला दुपारी मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. मी रागावलेली नाही. खरंच नाही.

तुझं बोट चुकलेलं नव्हतं. कारण तुझ्या वहीतच होतं, पाच तारखेच्या ओळीत. ती डबी ऐकलेलं लगेच डिस्कवर लिहीत नाही. हातात धरून ठेवते आणि सावकाश, अर्ध्या-पाऊण तासाने लिहिते. मधेच बंद केली तर जाण्यापूर्वी तिच्या ड्रायव्हरला हाक जाते, आणि तो हातातलं सगळं घाईने खाली ठेवतो. आता ती हाक 'रिमूव्ह' नावाने जाते. तुझ्या डबीतला ड्रायव्हर मात्र अजून 'स्टॉप'साठी कान देऊन बसलाय. त्याला कोणी सांगितलंच नाही. यंत्रणा 'रिमूव्ह' म्हणून हाक मारते, ते नाव तिथे सापडत नाही, मग ती समजते की याला जाताना काही करायचं नसेल, आणि वीज तोडते. ना तक्रार, ना आवाज. ऑफिसात हे कधीच दिसलं नसतं, कारण इथे कोणी काही बंदच करत नाही. वीज वाचवणारी तू एकटी निघालीस.

तू जूनमध्येच विचारलं होतंस, की न सांगितलेला काय करील. मी हसले आणि लोकांना तेलाची गोष्ट सांगितली.

आणखी एक, जे तुला माहीत नाही. नाव सापडलं नाही तर यंत्रणेने एक इशारा द्यायचा, असं मूळ होतं. काम चालू असताना तो इशारा दिवसाला हजार वेळा यायचा, म्हणून मी तो गप्प केला. शेवटी परत चालू करायचा राहिला. आणि तुझ्या डबीचा ड्रायव्हर उघडून वाचायचा, तोही मी वाचला नव्हता. यादीत नव्हता, मला झोप येत होती, आणि तुझी ओळ आली. 'डबीही खुशाल.' मला ती खरी हवी होती म्हणून मी परत विचारलं नाही. आठ दिवसांच्या तपासाबद्दल दोन शब्द आले, तर कोणीही विचारलं असतं. तेव्हा हे सगळं स्वतःच्या माथी घेऊ नकोस.

पत्र वाचून झाल्यावर मी सरळ विजयकुमार सरांच्या खोलीत गेले आणि वहीची पानं त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी पाच तारखेची ओळ दोनदा वाचली. अर्ध्या तासात नवी यंत्रणा पाठवणं थांबवलं. तोवर अडीच दिवस गेले होते. किती डब्यांनी घेतली ते मोजता येतं, कोणाचं काय पुसलं गेलं ते येत नाही. एका वाचनालयाने कळवलं की दोन दिवसांची नोंद नाही. एका दवाखान्याने कळवलं. बाकीच्यांना अजून कळलंही नसेल. ज्यांची कामं या यंत्रणेवर चालतात त्या सगळ्यांना मी माझ्या नावानिशी पत्र लिहिलं, की चूक कुठे झाली आणि कोणी केली. ते लिहायला रात्र गेली नाही, वीस मिनिटं लागली. पाठवायला वेळ लागला.

आता असं ठरलंय की नवी नावं राहतील, पण जुन्या नावानेही दोन वर्षं हाक जात राहील, आणि जो जुन्यालाच उत्तर देईल त्याचं नाव ठळक लिहून येईल. सोबत दुसरा पेन ड्राइव्ह आहे. लाव, आणि नेहमीसारखं लगेच बंद करत जा.

भिकाबाई परत सांगेल का गं?

यापुढे मला पत्रात वाईट आधी लिहीत जा. बरं असेल ते नंतर, जागा उरली तर.

बाकी ठीक. विजयकुमार सर काही म्हणाले नाहीत. मी बरी आहे.

केतकी


पुसेगाव
८ ऑगस्ट २०२५

केतकी,

तू सांगितलंस तसं लिहिते. वाईट आधी.

माझा उजवा गुडघा मार्चपासून धरला आहे. देवघरापुढे बसलं की उठताना फळीला धरावं लागतं. तुला लिहिलं नव्हतं. काकांना जुलैत दोनदा चक्कर आली, एकदा हळदीच्या सरीत पडले. हिंगोलीला दाखवलं, रक्तदाब निघाला, गोळी चालू केली. तेही लिहिलं नव्हतं. हे सगळं 'सर्व खुशाल'मध्ये होतं. काका म्हणाले, "सगळंच लिहून टाक, मी शिव्या देतो तेपण लिही." लिहिलं.

भिकाबाईला सांगितलं. दोन दिवस तोंडात शब्द जुळवत होते. मंगळवारी तिच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाले, "मावशी, तुमी जुलैत सांगितलं ते पुसलं गेलं. तुमचा दोष न्हाई. मी तुमाला फसवलं, रोज बसवून घेतलं." ती चहा पीत राहिली. मग म्हणाली, "समदंच?" मी म्हणाले, "एक शनिवार सोडून." तिने बशी खाली ठेवली. म्हणाली, "तरीच म्हनलं, ही बाई माज्याकडं बघत न्हाई काहून. मला वाटलं मी वंगाळ बोलले काही."

परत सांगाल का, विचारलं. हो म्हणाली. बुधवारी बसली, मी डबी सातपर्यंत सुरूच ठेवली. पण केतकी, ते तसं येत न्हाई. गोजरबाईच्या घरातलं, जुलैत सांगितलेलं, परत सांगायला लागली आणि मध्येच थांबली. "त्या दिवशी आठवलं व्हतं," म्हणाली. "त्या दिवशी बोलता बोलता पुढचं पुढं येत गेलं. आता मागून ओढून राहिले तर येईना." आणखी थोडं बसली, मग माझ्यावरच चिडली: "एकदा बाळंत झालेली बाई त्याच लेकराची परत बाळंत व्हती का? सांग की." तीन दिवसांत एकवीस झाली. चौऱ्याहत्तर होणार न्हाईत. ज्यांचं राहिलं त्यांचं राहिलं, ते एक जूनलाच जन्मलेले समजायचे.

जे मला स्वतःला आठवतं ते मी वहीत वेगळ्या पानावर लिहून काढलं. अकरा आठवली. वरती लिहिलं, 'भिकाबाईचे शब्द न्हाईत, ऐकलेलं आहे.'

तुझा दुसरा पेन ड्राइव्ह काल लावला. भिकाबाईचं झालं की लगेच काळं बटण दाबलं. सांजेला सुरू केलं. ऐकू आलं. आज परत केलं. ऐकू आलं. वहीच्या दोन्ही ओळी सोबत आहेत, त्यावर विश्वास ठेव, माझ्यावर नको.

आता तुझ्या पत्राबद्दल.

तू डबीचं सगळं लिहिलंस. कोण बोललं, कोणाला किती वेळ लागला, यंत्रणेला काय समजलं. अडीच दिवस लिहिले. वीस मिनिटं लिहिली. सगळ्यात शेवटी तीन वाक्यं: बाकी ठीक, सर काही म्हणाले न्हाईत, मी बरी आहे. पत्रावर तारीख तीन ऑगस्ट. एकतीस जुलै होऊन तीन दिवस झालेले. जूनपासून ज्या तारखेची वाट बघत होतो, ती तारीख येऊन गेली आणि तू तिचं नावही घेतलं न्हाईस.

केतकी, मी अशी पत्रं चाळीस वर्षं लिहिलेली आहेत. मला वाचताही येतात.

काही म्हणाले न्हाईत म्हणजे काय? कायम केलं? केलं असतं तर तू ते पहिल्या ओळीत लिहिलं असतंस. काढलं? पुढे ढकललं? तू सध्या ऑफिसात जातेस का खोलीत बसून असतेस? फोन मुद्दाम केला न्हाई. फोनवर तू मला 'जेवलीस का' विचारशील आणि ठेवशील.

नोकरी गेली असेल तर 'गेली' एवढंच लिही. कारण नको, समजूत नको. चूक होती आणि ती तू स्वतः जाऊन सांगितलीस, ते मला पुरे आहे. नारळ मी वाढवला होता, तो देवाने काय समजून घेतला ते त्याला माहीत. इकडे यायचं असेल तर ये. गुडघ्यामुळे मला वरच्या फळीवरचं काढून द्यायला कोणी न्हाई.

सोबत आंतरदेशीय पत्र कोरं जोडलं आहे, पत्ता घालून. त्यावर 'खुशाल' हा शब्द लिहू नकोस. वैजनाथ पोस्टमन अकराच्या सुमाराला येतो, मी बुधवारपासून ओट्यावर बसते. उलट टपालाने कळव.

आत्या